कावळे कुठे निघाले आहेत?

उंची ५०.५ सेंटिमीटर, रुंदी १०३ सेंटिमीटर. उंचीच्या दुपटीहून थोडा जास्तच लांब असलेला हा आडवा कॅनव्हास अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे. खाली पिकलेला गहू, वर गडद निळं आकाश आणि गव्हातून फुटणाऱ्या तीन वाटा. एक वाट डावीकडून चौकटीबाहेर जाते, एक उजवीकडून. मधली वळण घेत शेतात शिरते आणि मध्येच कुठेतरी गव्हात हरवते. वाटांची माती तांबूस, तिच्या कडेने हिरव्या गवताचे पट्टे. आकाशात दोन फिकट भोवरे दिसतात. ते ढग असावेत. त्यांच्याभोवतीचा निळा रंग काही ठिकाणी जवळपास काळा झाला आहे. शेतावर कावळ्यांचा थवा आहे. प्रत्येक कावळा म्हणजे काळ्या रंगाचे दोन-तीन फटकारे, त्याहून जास्त काही नाही. माणूस नाही, घर नाही, झाड नाही. सूर्यही नाही.

हे व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ‘कावळे असलेलं गव्हाचं शेत’, जुलै १८९० मधलं. निसर्गचित्रातला भाव कसा ओळखायचा, या प्रश्नासाठी याच्याइतकं चांगलं चित्र मला दुसरं माहीत नाही. ते सोपं आहे म्हणून नव्हे, तर त्याच्यावर अर्थांची इतकी पुटं चढली आहेत की खालचं चित्र दिसेनासं झालं आहे म्हणून. ही पुटं एकेक करून बाजूला काढली, तर चित्र पाहायचं कसं हे आपोआप कळत जातं.

पहिलं पूट कसं चढतं, हे ब्रिटिश लेखक जॉन बर्जरने १९७२ साली ‘वेज ऑफ सीइंग’ या पुस्तकात फार नेमकं दाखवून दिलं. त्याने हेच चित्र एका पानावर छापलं आणि वाचकाला एवढंच सांगितलं की हे एक शेत आहे, त्यातून पक्षी उडत आहेत, क्षणभर पाहा आणि पान उलटा. पुढच्या पानावर पुन्हा तेच चित्र. या वेळी खाली माहिती होती, की आत्महत्येपूर्वी व्हॅन गॉगने रंगवलेलं हे शेवटचं चित्र. चित्रात तसूभरही फरक पडलेला नसतो, पण पाहणाऱ्याचे डोळे बदललेले असतात. आकाश काळवंडतं, वाटा कुठेच पोहोचत नाहीत असं वाटू लागतं आणि कावळ्यांचे एकाएकी यमदूत होतात. शब्द चित्राला कसे गिळून टाकतात, हे बर्जरला दाखवायचं होतं आणि ते त्याने दाखवलं. पण त्या ओळीतली माहितीच खरी नाही. हे चित्र व्हॅन गॉगचं शेवटचं नाही.

तारखा पाहू. दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात वर्षभर काढून तो १७ मे १८९० रोजी पॅरिसला आला. तीन दिवस धाकटा भाऊ थिओ, त्याची बायको योहाना आणि त्यांचं तान्हं मूल यांच्याकडे राहिला. २० मे रोजी तो पॅरिसच्या उत्तरेला वाझ नदीकाठच्या ऑव्हेर या गावी गेला. तिथे रावू कुटुंबाच्या खानावळीत त्याने वरची एक लहानशी खोली घेतली. २७ जुलै रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि २९ जुलैला पहाटे तो गेला. वय ३७. ऑव्हेरमधल्या या जेमतेम सत्तर दिवसांत त्याने सुमारे पंचाहत्तर चित्रं रंगवली, म्हणजे सरासरी दिवसाला एकाहून जास्त. कावळ्यांचं चित्र १० जुलैच्या आसपासचं असावं, असं त्याच्या पत्रावरून दिसतं. त्यानंतर त्याने आणखी बरीच चित्रं काढली.

तरीही ‘शेवटचं चित्र’ ही कथा का चिकटली, ते समजण्यासारखं आहे. योहानाने १९१४ साली व्हिन्सेंटची थिओला लिहिलेली पत्रं प्रसिद्ध केली. तेव्हापासून जगाने त्याची चित्रं त्याच्या आयुष्यासोबतच वाचली. १९३४ मध्ये आयर्व्हिंग स्टोनची ‘लस्ट फॉर लाइफ’ ही कादंबरी आली आणि १९५६ मध्ये तिच्यावर व्हिन्सेंटे मिनेलीने चित्रपट काढला. त्यात कर्क डग्लसने साकारलेला व्हॅन गॉग कावळ्यांच्या गराड्यात हे चित्र रंगवतो आणि मग तिथेच स्वतःवर गोळी झाडून घेतो. पडद्यावर ते प्रभावी दिसतं. अशा आयुष्याला असा शेवट शोभतोही, आणि शोभणाऱ्या गोष्टीवर माणसाचा चटकन विश्वास बसतो. पण नंतर घडलेल्या मृत्यूचं ओझं आधी काढलेल्या चित्रावर टाकणं हा चित्रावर अन्याय आहे. चित्रकार कॅनव्हाससमोर उभा असतो तेव्हा पुढचे पंधरा दिवस त्याला माहीत नसतात.

मग चित्रात दुःख नाहीच का? आहे, आणि खुद्द चित्रकारानेच तसं लिहून ठेवलं आहे. फक्त त्याने लिहिलेलं पूर्ण वाचायला हवं.

६ जुलैच्या रविवारी तो पॅरिसला थिओकडे गेला होता. ती भेट चांगली झाली नाही. बाळाच्या आजारपणाने नवरा-बायको थकलेली होती. थिओ ज्या चित्रविक्रीच्या पेढीत नोकरी करत होता तिथल्या मालकांशी त्याचं बिनसलं होतं आणि नोकरी सोडावी का, यावर घरात चर्चा चालू होती. व्हिन्सेंटचा सगळा खर्च थिओच्या पगारातून चाले. आपण या घरावर भार झालो आहोत, ही टोचणी घेऊन व्हिन्सेंट त्याच दिवशी परतला. पुढच्या काही दिवसांत त्याने थिओ आणि योहानाला पत्र लिहिलं. आपल्याही आयुष्याच्या मुळावरच घाव बसला आहे आणि पाऊल डळमळतं आहे, असं त्यात आहे. परत आल्यावर कामाला बसलो तेव्हा कुंचला हातातून जवळजवळ गळून पडत होता, पण काय हवं आहे ते नेमकं ठाऊक असल्याने आणखी तीन मोठे कॅनव्हास रंगवले, असंही तो सांगतो. त्यातले दोन म्हणजे अशांत आकाशाखालची गव्हाची अफाट शेतं. त्यांत दुःख आणि पराकोटीचा एकाकीपणा व्यक्त करताना आपण हात आखडता घेतला नाही, हे त्याचं म्हणणं.

लेखांमधून आणि माहितीपटांमधून हे इथपर्यंतच सांगितलं जातं. पण पत्र तिथे संपत नाही. ही चित्रं लवकरच पॅरिसला घेऊन येईन, असं तो पुढे लिहितो. का, तर खेड्यातल्या निसर्गात आपल्याला जे निरोगी आणि बळ देणारं वाटतं, ते शब्दांत सांगता येत नाही. ते ही चित्रंच तुम्हाला सांगतील, अशी त्याला खात्री वाटते.

एकाच पत्रात, त्याच चित्रांबद्दल, लागोपाठच्या वाक्यांत दोन्ही आहे: एकाकीपणा आहे आणि बळही आहे. त्याच सुमाराला त्याने हॉलंडमध्ये आईला लिहिलेलं पत्र तर याहून शांत आहे. टेकड्यांना भिडलेल्या, समुद्रासारख्या अथांग गव्हाच्या मैदानात आपण पूर्ण बुडून गेलो आहोत, असं तो सांगतो. मग नाजूक पिवळा, नाजूक हिरवा, नांगरलेल्या तुकड्याचा जांभळा, फुलावर आलेल्या बटाट्याच्या रोपांचे हिरवे ठिपके असे रंग एकामागून एक मोजत जातो. हे सगळं रंगवायला लागणारी, जवळजवळ जरा जास्तच वाटावी अशी शांतता आपल्या मनात आहे, असं तो आईला कळवतो. आईला काळजी वाटू नये म्हणून त्याने गोड लिहिलं असेल, अशी शंका येऊ शकते. पण मनाने कोसळलेला माणूस बटाट्याच्या शेताचे रंग इतक्या बारकाईने नोंदवेल, हे मला पटत नाही. ती चित्रकाराची नजर आहे, कामात असलेली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दुःख व्यक्त करायचं असं ठरवून, ते कसं करायचं हे जाणून, मोठे कॅनव्हास पूर्ण करणं हे कारागिरीचं काम आहे. चित्रातला भाव चित्रकाराच्या मनातून कॅनव्हासवर आपोआप झिरपत नाही. तो रचावा लागतो. म्हणून तो शोधायचा तर चित्रकाराच्या मनात डोकावण्याआधी ही रचना पाहायला हवी.

आकारापासून सुरुवात करू. पन्नास बाय शंभरचे हे लांबोडके कॅनव्हास व्हॅन गॉगने ऑव्हेरमध्येच वापरायला घेतले आणि अखेरच्या आठवड्यांत त्यांवर डझनभर निसर्गचित्रं रंगवली. लांब आडव्या चौकटीतली निसर्गचित्रं शार्ल-फ्रान्स्वा दोबिन्यी या चित्रकाराची खासियत होती. तो याच गावात राहत असे आणि १८७८ मध्ये वारला होता. व्हॅन गॉगला त्याच्याबद्दल फार आदर होता. पत्रात उल्लेख असलेलं तिसरं चित्र दोबिन्यीच्या बागेचंच आहे. अशा लांब चौकटीचा परिणाम डोळ्यांवर थेट होतो. जवळ उभं राहिलं तर ती एका नजरेत मावत नाही. डोळे डावीकडून उजवीकडे फिरत राहतात आणि विसावण्यासाठी मधोमध जागा शोधतात. दोबिन्यी ही जागा देतो, नदीचं पाणी, काठावरची झाडं, एखादी होडी. कावळ्यांच्या चित्रात ती मिळत नाही.

आता वाटा. शाळेत यथार्थदर्शन शिकवताना मुलांना रस्ता काढायला सांगतात. रस्त्याच्या दोन्ही कडा क्षितिजाकडे जवळ येत जातात, एका बिंदूत मिळतात आणि पाहणाऱ्याचं मन त्या रस्त्याने आत, दूर, पलीकडे जातं. निसर्गचित्रातल्या बहुतेक वाटा हेच काम करतात. या चित्रात मधली वाट आत नेते आणि सोडून देते. क्षितिजापर्यंत ती जातच नाही. बाजूच्या दोन वाटा तर आत जाण्याऐवजी चौकटीबाहेर सटकतात. अमेरिकन कलासमीक्षक मायर शापिरोने १९४६ साली या चित्रावर लिहिलेल्या निबंधात हीच गोष्ट धरली. त्याचं म्हणणं असं की इथे दूर जाण्याची दिशाच उलटी झाली आहे. सगळं क्षितिजाकडून पाहणाऱ्याच्या अंगावर येतं, आणि पाहणारा तीन वाटांच्या तोंडाशी अडकून उभा राहतो.

त्याच निबंधात शापिरोने रंगांची एक गणतीही केली आहे. निळं आकाश एकसंध, पिवळा गहू दोन भागांत, तांबड्या वाटा तीन, त्यांच्या हिरव्या कडा चार आणि कावळे मोजदादीपलीकडचे. हे निरीक्षण विलक्षण आहे. एकदा ते वाचलं की चित्र पुन्हा पूर्वीसारखं दिसत नाही. आकाशाच्या एकसंधपणाकडून कावळ्यांच्या विखुरलेपणाकडे जाणारी एक चढती भाजणी डोळ्यांना जाणवू लागते. मात्र शापिरो पुढे सुचवतो, की मन ढासळत असलेला माणूस वस्तूंना घट्ट धरून राहण्यासाठी जसं मोजत बसतो, तसं हे मोजणं आहे. इथे मी त्याच्यासोबत जात नाही. गणती चित्रात आहे, ती कुणीही तपासून पाहू शकतं. ती कुठल्या मनःस्थितीतून आली, हे मात्र चित्र सांगत नाही. पहिल्या विधानाचा आधार कॅनव्हासवर आहे. दुसऱ्याचा आधार आपल्याला आधीच माहीत असलेल्या मृत्यूवर.

फटकाऱ्यांकडे पाहिलं की शेजारचं दुसरं चित्र सोबत घ्यावंच लागतं. ‘वादळी ढगांखालचं गव्हाचं शेत’ हे चित्र त्याच आकाराचं, त्याच महिन्यातलं आणि त्याच म्युझियममध्ये आहे. पत्रात ज्या दोन शेतांचा उल्लेख आहे ती हीच दोन असावीत, असं सहसा मानलं जातं. दोन्ही चित्रांत शेत आणि आकाश यांपलीकडे फारसं काही नाही. पण दुसऱ्या चित्रात सगळं आडवं आहे. हिरव्या शेतांचे पट्टे एकावर एक निजलेले, त्यावर निळ्या आकाशाचा रुंद पट्टा, खाली तांबड्या फुलांचे मोजके ठिपके. पाहताना श्वास संथ होतो. एकाकीपणा तिथेही आहे, पण तो मोकळ्या माळावर एकट्याने उभं राहण्यातला आहे. त्यात भीती नाही. कावळ्यांच्या चित्रात आडवा फटकारा जवळजवळ नाहीच. गव्हाचे आखूड तिरके फटकारे एकमेकांना छेदत जातात, जणू एकाच वेळी दोन्हीकडून वारा सुटला आहे. आकाशातले फटकारे तर चहूदिशांना धावतात. रंग जाड आहे, इतका की कुंचल्याच्या केसांच्या रेघा त्यात उमटून राहिल्या आहेत. विषय तोच, आकार तोच, महिनाही तोच. बदलली आहे ती हाताची चाल, आणि तिच्याबरोबर भाव बदलला आहे. निसर्गचित्रात भाव कुठे असतो, असं कुणी विचारलं तर ही दोन चित्रं शेजारी ठेवून दाखवावीत. ढगाळ हवा दोन्हीकडे आहे. फरक फटकाऱ्याच्या दिशेत आहे.

रंगांचं गणित त्याहून रोखठोक आहे. निळ्याला नारिंगीकडे झुकणारा पिवळा भिडवला आहे आणि वाटांच्या तांबड्याला गवताचा हिरवा. या विरोधी रंगांच्या जोड्या. शेजारी आल्या की दोन्ही रंग एकमेकांना पेटवतात. व्हॅन गॉगला हे शास्त्र पाठ होतं आणि ते तो भाव व्यक्त करण्यासाठी वापरत असे. १८८८ मध्ये आर्ल गावी त्याने आपल्या झोपायच्या खोलीचं प्रसिद्ध चित्र काढलं, तेव्हा साध्या सपाट रंगांतून विश्रांती सुचवायची आहे असं त्याने पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे रंगाने मन शांतही करता येतं, हे त्याला ठाऊक होतं. कावळ्यांच्या चित्रात त्याने ते केलं नाही. इथे त्याने सगळे दिवे एकदम लावले. म्हणूनच या चित्राला निव्वळ उदास म्हणताना जीभ अडखळते. उदास चित्रं सहसा रंग विझवतात. हे चित्र धगधगतं. बर्जरच्या पुस्तकात चित्रं कृष्णधवल छापलेली होती. त्या पानावर दुःख इतकं सहज पटलं, यात पिवळा रंग गायब असण्याचाही वाटा असला पाहिजे.

पण आज म्युझियममध्ये दिसणारे रंग हेच १८९० चे रंग, असंही गृहीत धरता येत नाही. व्हॅन गॉग वापरत असलेले काही तांबडे रंग प्रकाशाने उडून जातात आणि त्याचा क्रोम पिवळा काळवंडू शकतो, हे संशोधकांनी दाखवून दिलं आहे. झोपायच्या खोलीच्या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात. पत्रात तो त्यांना फिकट जांभळ्या म्हणतो. जांभळ्यातला तांबडा निघून गेला आणि खोली त्याला हवी होती त्यापेक्षा थंड झाली.

आता कावळे. अर्थ लावणाऱ्यांनी सगळ्यात जास्त भार टाकला तो यांच्यावर. फ्रेंच नाटककार आंतोनँ आर्तो नऊ वर्षं मनोरुग्णालयांमध्ये काढून १९४६ मध्ये बाहेर आला. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये व्हॅन गॉगचं प्रदर्शन पाहून त्याने एक जळजळीत पुस्तिका लिहिली. व्हॅन गॉगला समाजाने मारलं, हा तिचा आरोप, आणि त्यात कावळ्यांना मानाची जागा आहे. ती पुस्तिका मी मोठ्या आदराने वाचते, पण ती आर्तोच्या जखमेची कथा आहे, हे विसरत नाही. प्रत्येक जण कावळ्यांकडे आपापला कावळा घेऊन येतो. आपल्याकडे तो पिंडाला शिवतो आणि तोच अंगणात ओरडला की पाहुणा येणार असं आपण म्हणतो. मराठी वाचकाच्या मनात हे दोन्ही कावळे असतात. मृत्यूचा कावळा तेवढा चित्राशी जोडायचा आणि पाहुण्याचा सोडून द्यायचा, हे आपण कशावरून ठरवतो?

चित्रकाराच्या स्वतःच्या कामातला कावळा कसा आहे, हे पाहणं जास्त उपयोगाचं. १८८८ च्या उन्हाळ्यातल्या ‘पेरणी करणारा’ या चित्रात मावळत्या सूर्याखाली शेतकरी बी फेकत चालला आहे आणि नांगरलेल्या जमिनीवर काळे पक्षी दाणे टिपत आहेत. जानेवारी १८९० मध्ये त्याने फ्रेंच चित्रकार मिलेच्या एका चित्रावरून बर्फाने झाकलेलं, कुळव पडून असलेलं शेत रंगवलं. त्यातही कावळे आहेत, कारण मूळ चित्रातही ते आहेत. आणखी मागे, १८८७ मध्ये पॅरिसला असताना त्याने गव्हाच्या शेतातून अचानक उडालेला एकच पक्षी रंगवला होता. ते चित्र उजळ, हलकं, हवेशीर आहे. त्याच्यासाठी पक्षी आधी शेताचा भाग होता. जुलैत पीक पिवळं झालं की फ्रान्समधल्या शेतांवर कावळे जमतातच. त्याने ते डोळ्यांनी पाहिले असणार.

म्हणून कावळ्यांना अर्थच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याला ते वगळता आले असते, शेजारच्या चित्रात त्याने एकही पक्षी ठेवलेला नाही. इथे ठेवले, काळे ठेवले, आणि असे ठेवले की ते येत आहेत की जात आहेत हे सांगता येत नाही. चोच नाही, डोळा नाही, पंखांचा कल दोन्हीकडे वाचता येतो. बर्जर त्यांना शेतातून उडताना पाहतो. कित्येकांना ते पाहणाऱ्याच्या दिशेने झेपावताना दिसतात. हा अनिश्चितपणा फटकाऱ्यात आहे आणि तो चित्राच्या भावाचा गाभा आहे, असं मला वाटतं. जाणारे कावळे दिलासा देतात, येणारे धास्ती. चित्र आपल्याला दोन्हींच्या मध्ये उभं करतं, जसं पत्रातल्या दोन वाक्यांच्या मध्ये.

आणि गहू? कावळ्यांच्या गोंगाटात गव्हाकडे कुणी पाहत नाही, हे मला फार खटकतं. चित्राचा अर्धा भाग त्याने व्यापला आहे आणि चित्रकाराने आयुष्यभर ज्यावर विचार केला असा तो विषय आहे. १८८९ च्या उन्हाळ्यात सँ-रेमीच्या मनोरुग्णालयाच्या खिडकीतून त्याला भिंतीने वेढलेलं एक शेत दिसे. त्यात कापणी करणारा एक माणूस त्याने रंगवला. चित्र जवळजवळ संपूर्ण पिवळं आहे. थिओला लिहिताना तो म्हणाला, की या कापणी करणाऱ्यात आपल्याला मृत्यूची प्रतिमा दिसते, माणूस म्हणजे कापला जाणारा गहू या अर्थाने. पण या मृत्यूत दुःखी असं काही नाही, तो भर उजेडात, सगळीकडे सोनेरी प्रकाश ओतणाऱ्या सूर्याखाली घडतो. मृत्यूबद्दल त्याला काय म्हणायचं होतं, हे त्याने आदल्याच वर्षी इतक्या उघडपणे सांगून ठेवलं आहे. त्याच्या लेखी मृत्यूचा रंग काळा नव्हता, पिवळा होता. ऑव्हेरच्या शेतात मृत्यू शोधायचाच असेल तर तो कावळ्यांपेक्षा कापणीला आलेल्या त्या पिकात शोधावा, आणि तिथे तो धान्याच्या रूपात सापडेल.

खरंखुरं शेवटचं चित्र कोणतं, याचं उत्तर आज बऱ्याच खात्रीने देता येतं. ते ‘झाडांची मुळं’ हे असावं. तेही पन्नास बाय शंभरच्या कॅनव्हासवरच, आणि काही भागांत अपुरं राहिलेलं. उतारावर उघडी पडलेली मुळं आणि खोडं निळ्या, हिरव्या, मातकट पिवळ्या रंगांत एकमेकांत इतकी गुंतली आहेत की क्षणभर काय पाहतो आहोत तेच समजत नाही. क्षितिज नाही, आकाश नाही. २०२० मध्ये वाउटर व्हान डेर व्हेन या अभ्यासकाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका जुन्या पोस्टकार्डावर ही जागा ओळखू आली. ती रावूंच्या खानावळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दोबिन्यीच्याच नावाच्या रस्त्यावर आहे. म्युझियमच्या तज्ज्ञांनीही ही ओळख अतिशय संभवनीय मानली.

मुळांबद्दल तर त्याने तरुणपणीच लिहून ठेवलं होतं. १८८२ मध्ये हेगला असताना त्याने वाळूत रुतलेल्या मुळांचं एक रेखाचित्र काढलं. त्याच सुमारास एका खचलेल्या, विवस्त्र बसलेल्या स्त्रीचंही चित्र काढलं होतं. जो भाव त्या स्त्रीच्या देहात आणायचा होता तोच मुळांतही आणायचा प्रयत्न केला, असं त्याने थिओला कळवलं. तो भाव म्हणजे जगण्याची झुंज. वादळाने अर्धी उखडून टाकलेली तरी मातीला घट्ट धरून बसलेली मुळं त्याला तशी दिसली होती. निसर्गचित्रातून माणसाचं सुखदुःख सांगता येतं, हा त्याचा सुरुवातीपासूनचा विश्वास होता. त्यासाठी त्याला मरणाच्या दारात उभं राहावं लागलं नव्हतं.

त्या मुळांच्या चित्राचंही आता कावळ्यांसारखंच होऊ लागलं आहे. गुंता, घुसमट, तुटलेपण हे शब्द त्याच्याभोवती जमा होत आहेत. पण ते शेवटचं आहे हे आपल्याला ज्याच्या साक्षीवरून कळलं, त्या आंद्रिस बोंगरने मात्र वेगळंच नोंदवून ठेवलं. हा योहानाचा भाऊ, थिओचा मेव्हणा. व्हिन्सेंटच्या अंत्ययात्रेला तो ऑव्हेरला हजर होता. काय घडलं, कसं घडलं हे त्याला पूर्ण माहीत होतं. आदल्या सकाळी व्हिन्सेंटने जंगलातलं एक दृश्य रंगवलं होतं असं त्याने लिहिलं, आणि त्या चित्राचं वर्णन करताना दोनच गोष्टी सांगितल्या: ते उन्हाने भरलेलं आहे आणि जिवंतपणाने.